परदेशी नोकरीचा निर्णय: सल्ला कोणाचा घ्यावा आणि तो कसा पारखावा?

प्रश्न – मिरजेची परिचारिका

सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम.

मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. अतिदक्षता विभागातील अनुभवामुळे रियाध येथील एका रुग्णालयाने मला दोन वर्षांच्या कराराची नोकरी देऊ केली आहे. माझे पती अनुदानित शाळेत शिक्षक आहेत, मुलगी चौथीत आणि मुलगा बालवाडीत आहे. सासूबाईंना मधुमेह असल्यामुळे त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन द्यावे लागते आणि ते आजवर मीच देत आले आहे. घराचे कर्ज पतींच्या एकट्याच्या पगारातून फिटेल, पण फार सावकाश. करारावर सही करायला मला या महिन्याच्या अखेरपर्यंत मुदत आहे.

सल्लागार पुष्कळ असले म्हणजे बेत सिद्धीस जातात असे नीतिसूत्रांत (१५:२२) सांगितले आहे, म्हणून मी विचारायला सुरुवात केली. परंतु जितक्यांना विचारले तितका माझा गोंधळ वाढत गेला. पाळकसाहेब म्हणाले की कुटुंबाने एकत्र राहावे हीच देवाची इच्छा आहे आणि पैशासाठी ताटातूट करून घेऊ नये. महिला मंडळातील एक ज्येष्ठ भगिनी, ज्यांना मी आईच्या ठिकाणी मानते, म्हणाल्या की तू अर्जविनंत्या न करता ही संधी चालून आली आहे, तेव्हा ती देवाकडूनच आहे. त्यानंतर एका प्रार्थना सभेत बाहेरगावाहून आलेल्या एका सेवकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सर्वांदेखत सांगितले की, प्रभू म्हणतो, तू समुद्रापलीकडे जाऊ नकोस, गेलीस तर तुझे घर मोडेल. माझ्याविषयी त्यांना कोणी आधी काही सांगितले होते की नाही, हे मला ठाऊक नाही. तेव्हापासून मला धड झोप लागत नाही. पती म्हणतात, "तू ठरव, मी तुझ्या पाठीशी आहे." ते हे मनापासून म्हणतात, तरी मला त्यातून आधार मिळण्याऐवजी एकटेपणच अधिक जाणवते.

जो मागतो त्याला देव दोष न लावता ज्ञान देतो, हे याकोबाचे वचन (१:५) मी रोज वाचते. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की देवभीरू माणसेच परस्परविरुद्ध सांगू लागली तर त्यांतून देवाचा सल्ला कसा ओळखावा, आणि देवाच्या नावाने सांगितलेली गोष्ट मी मानली नाही, तर ती आज्ञाभंग ठरते का?

उत्तर – निवृत्त पाळक, अहिल्यानगर

भगिनी, प्रथम त्या भविष्यवाणीविषयी लिहितो, कारण तुमची झोप तिने उडवली आहे आणि भ्यालेल्या मनाला कोणताच सल्ला नीट ऐकू येत नाही. पौलाने थेस्सलनीकाकरांना एकाच दमात दोन गोष्टी सांगितल्या: संदेशांचा धिक्कार करू नका आणि सर्व गोष्टींची पारख करा (१ थेस्स. ५:२०-२१). करिंथच्या मंडळीला तर त्याने स्पष्ट नियमच घालून दिला की दोघातिघा संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी ते पारखावे (१ करिंथ. १४:२९). तेव्हा पारख करणे हा अविश्वास नसून पवित्र शास्त्राने घालून दिलेले कर्तव्य आहे. हे कर्तव्य त्या सभेत उपस्थित असलेल्या वडीलजनांचे होते, आणि ते कोणी पार पाडले नाही म्हणून सगळे ओझे तुमच्या एकटीच्या शिरावर आले, याचे मला मनापासून वाईट वाटते.

१ राजे १३ हा अध्याय आपल्याकडे उपासनेत फारसा वाचला जात नाही, परंतु तुम्ही तो अवश्य वाचावा. यहूदातून बेथेलला आलेल्या देवाच्या माणसाला तेथे अन्नपाणी घ्यायचे नाही, अशी स्वतः देवाने आज्ञा दिली होती. एका वृद्ध संदेष्ट्याने त्याला गाठून सांगितले की मलाही देवदूताने सांगितले आहे, माझ्या घरी जेवायला चल. शास्त्र तेथेच नोंदवते की तो लबाड बोलला. वय, पद आणि देवाचे नाव ही तिन्ही त्याच्यापाशी होती, तरी त्याच्यावर विसंबणाऱ्याचा घात झाला. तुमच्याकडे आलेल्या सेवकांनी लबाडी केली असे मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखत नाही. कोणी देवाचे नाव घेऊन बोलला एवढ्यावरून ते बोलणे देवाचे ठरत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

याच्या जोडीला प्रेषितांच्या कृत्यांचा २१ वा अध्याय ठेवा. कैसरीयात अगब नावाच्या संदेष्ट्याने पौलाच्या कमरबंदाने स्वतःचे हातपाय बांधून दाखवले की यरुशलेमेत पौलाला असे बांधतील. हा संदेश खरा होता. तो ऐकून लूकासह सर्वांनी पौलाला रडून विनवले की जाऊ नकोस. मात्र अगबाने जे घडणार ते सांगितले होते. जाऊ नये हा निष्कर्ष प्रेमापोटी ऐकणाऱ्यांनी काढला होता. पौल गेला, आणि तो ऐकत नाही असे पाहून प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणून ते गप्प राहिले. कोणी त्याला आज्ञाभंजक म्हटले नाही, शाप दिला नाही आणि त्याच्याशी संबंधही तोडले नाहीत. देवभीरू सल्लागार कसा असतो हे मला या ठिकाणी फार स्पष्ट दिसते. तो कळकळीने आपले म्हणणे मांडतो, प्रसंगी रडतोही, आणि मग निर्णय ज्याचा त्याच्याकडे सोपवून त्याच्यासाठी प्रार्थना करत राहतो. "ऐकले नाहीस तर तुझे घर मोडेल" ही भाषा त्या माणसांची नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. इतरांनी काय सांगितले हे तुम्ही सविस्तर लिहिले आहे, पण तुमच्या स्वतःच्या मनात काय आहे याविषयी एक वाक्यही नाही. यिर्मयाचा ४२ वा अध्याय मला येथे आठवतो. बाबेलच्या राजाने यहूदावर नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झाल्यावर भेदरलेले लोक यिर्मयाकडे आले आणि म्हणाले की आमच्यासाठी देवाला विचार, तो बरे सांगो वा वाईट, आम्ही ऐकू. ते शपथेवर तसे बोलले, परंतु त्यांची पावले आधीच मिसराच्या वाटेला लागली होती. मिसरात जाऊ नका असे उत्तर येताच त्यांनी यिर्मयालाच खोटे ठरवले. मन आधीच एका बाजूला झुकलेले असेल, तर आपण सल्लागार शोधत नाही, अनुमोदक शोधतो. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा यानेही तेच केले. वडील मंत्र्यांचा सल्ला नाकारल्यानंतर तो आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांकडे गेला, हा क्रम १ राजे १२:८ मध्ये नीट पाहण्यासारखा आहे. तुम्हाला जावेसे वाटते का, आणि वाटत असेल तर कशासाठी, हे आधी देवासमोर आणि पतीसमोर उघडपणे बोला. जावेसे वाटणे हे पाप नाही. कर्ज लवकर फिटावे असे वाटणे हेही पाप नाही.

त्याच अध्यायातली आणखी एक गोष्ट सांगतो. यिर्मयासारख्या संदेष्ट्याने लोकांना तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. देवाचे वचन त्याला दहा दिवसांनंतर प्राप्त झाले, आणि तोवर तो थांबला. तुमची संपूर्ण हकीकत ऐकून घेण्याआधीच ज्याचे उत्तर तयार असते, त्याचे ते करणे मूर्खपणाचे व लज्जास्पद ठरते, असे नीतिसूत्रे १८:१३ म्हणते.

उत्तर – आखातातून परतलेली परिचारिका, नाशिक

ताई, अहिल्यानगरच्या पाळकसाहेबांनी शास्त्राची बाजू मांडली आहेच. मी आपल्या व्यवसायाच्या बाजूने लिहिते, कारण या गोष्टींची माहिती नसलेला माणूस कितीही प्रार्थनाशील असला तरी त्याचा सल्ला अपुराच राहतो.

तुमच्या तिन्ही सल्लागारांपैकी कोणी तुमचा करार वाचला आहे का? मूळ पगार आणि भत्ते वेगळे दाखवले आहेत का, वर्षाला रजा किती, येण्याजाण्याचे तिकीट कोण देणार, करार मध्येच सोडल्यास काय भरावे लागेल, हे प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारले का? भरती करणारी संस्था परवानाधारक आहे की नाही, हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. ते पाहिल्याशिवाय कोणालाही एक रुपयाही देऊ नका. सौदीसाठी परवान्याची प्रोमेट्रिक ही संगणकावरील परीक्षा आणि डेटाफ्लो कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी या गोष्टी असतातच, आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून "महिनाअखेर सही करा, नाहीतर संधी गेली" असा आग्रह कोण धरत आहे, रुग्णालय की मधला दलाल, हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट अशी की सौदी अरेबियात चर्च नाही आणि ख्रिस्ती लोकांना तेथे सार्वजनिक उपासना करता येत नाही. कुवेत, बहारीन, ओमान, अमिरात येथे चर्च आहेत आणि शुक्रवारी उपासनाही होतात. रियाधमध्ये मात्र तुम्हाला बहुतेक वेळ वैयक्तिक प्रार्थनेवर आणि फोनवरून ऐकलेल्या उपासनेवर राहावे लागेल. माझ्या दृष्टीने विश्वासणाऱ्या माणसाने या निर्णयात सर्वांत आधी विचारात घ्यायची बाब हीच आहे, आणि ती तुमच्या पाळकसाहेबांनीही काढलेली दिसत नाही. मंडळीवाचून मी दोन वर्षे टिकेन का, हा प्रश्न स्वतःला विचारा आणि मंडळीवाचून राहिलेल्या एखाद्या बहिणीलाही विचारा.

आणि सासूबाईंना कोणी विचारले? इन्शुलिनचे पेन पतींना लावता येते का? डोस मोजून घ्यायचा, पोटावरची जागा रोज बदलायची, साखर अचानक उतरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले तर आधी साखर द्यायची आणि मग डॉक्टरांना फोन करायचा, हे सारे त्यांनी तुमच्यादेखत काही आठवडे करून पाहावे. ते जमले तर तुमच्या निर्णयातला एक मोठा प्रश्न सुटेल. जमत नसेल, तर त्यातूनही तुम्हाला उत्तराचा काही भाग मिळेल. ज्यांना तुमच्या निर्णयाचा भार वाहायचा आहे, त्यांचे मत मला सभेतल्या मतापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

उत्तर – वसईकर

मी कॅथलिक आहे. तरीही येथे एक-दोन गोष्टी मांडण्याची परवानगी घेतो, कारण सल्ला देण्या-घेण्याविषयी आमच्या परंपरेत बराच सखोल विचार झालेला आहे.

सोळाव्या शतकात लोयोलाच्या संत इग्नेशियसने आध्यात्मिक साधनेची जी पद्धत घालून दिली, तिच्यात मार्गदर्शकाला एक कडक सूचना आहे. साधना करणाऱ्याला त्याने एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला ढकलू नये. मधोमध उभे राहून निर्माणकर्त्याला त्या जिवाशी थेट व्यवहार करू द्यावा. त्यामुळे तुमचे पती "तू ठरव" म्हणतात तेव्हा ते अर्धे काम बरोबर करत आहेत. उरलेले अर्धे काम म्हणजे तुमच्यासोबत बसून प्रश्न विचारत राहणे. ते करा असे तुम्ही त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण अनेक नवऱ्यांना असे वाटते की आड न येणे म्हणजेच साथ देणे.

इग्नेशियसचा दुसरा नियम तुमच्या आजच्या मनःस्थितीला नेमका लागू पडतो. मन उदास, अस्वस्थ आणि देवापासून दूर गेल्यासारखे वाटत असताना पूर्वीचा निश्चय बदलू नये. भीतीपोटी नकार कळवू नका, आणि ती भीती झटकून टाकण्यासाठी घाईने सहीही करू नका. मन शांत झाल्यावर इग्नेशियसने सुचवलेल्या कल्पना करून पाहाव्यात: अगदी अनोळखी स्त्री हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली असती, तर तिच्या आत्म्याच्या हितासाठी मी तिला काय सांगितले असते? आणि मृत्यूच्या घटकेला मागे वळून पाहताना मी कोणता निर्णय घेतलेला असावा असे मला वाटेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा अनपेक्षितपणे पटकन मिळते, कारण दुसऱ्याच्या बाबतीत आपली भीती आड येत नाही.

आणखी एक गोष्ट गोपनीयतेची. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूला कोणापुढेही उघड करता येत नाही, आणि आध्यात्मिक मार्गदर्शनातही तीच शिस्त अपेक्षित असते. तुमचा प्रश्न प्रार्थनेचा विषय म्हणून सभेत मांडला गेला असेल, तर एव्हाना तो मंडळीत सर्वांच्या तोंडी झाला असणार, आणि मग प्रत्येक मत आधीच्या मताला उत्तर म्हणून येऊ लागते. यापुढे एक किंवा दोनच माणसे निवडा, जी ऐकलेले स्वतःपाशी ठेवतील. नीतिसूत्रांतल्या पुष्कळ सल्लागारांचा अर्थ पुष्कळ श्रोते असा होत नाही.

उत्तर – एक वाचक, पुणे

समुद्रापलीकडे गेलेल्या एका मराठी ख्रिस्ती स्त्रीचे उदाहरण आपल्या घरचेच आहे, म्हणून लिहिते. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा व त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनी-संघातील सिस्टर जेराल्डिन यांना त्या आध्यात्मिक आईच्या ठिकाणी मानत. पुढे शिकवण आणि आज्ञाधारकपणा यांवरून दोघींमध्ये दीर्घ पत्रव्यवहार झाला, आणि रमाबाईंनी नम्रपणे पण ठामपणे कळवले की एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसऱ्या तशाच जुवाखाली मी मान देणार नाही. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे की नाही हा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील इंग्रज बिशपांनी सल्ला दिला की त्यामुळे स्वदेशात त्यांचे वजन कमी होईल. माझ्या वडिलांनी आणि पतीने अशा गोष्टीला कधी हरकत घेतली नव्हती, असे रमाबाईंचे उत्तर होते. बिशपांचा हेतू वाईट नव्हता; ज्या समाजाविषयी ते अधिकाराने बोलत होते, तो रमाबाईंना त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक ठाऊक होता.

आणि तरीही रमाबाई सल्ला टाळणाऱ्या नव्हत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांना त्या आपल्या शंका लिहून कळवत. बील बाईंनी त्यांना गप्प केले नाही. त्या प्रश्नांना उत्तरे देत राहिल्या, आणि रमाबाईंना स्वतः विचार करायला मोकळीक द्यावी असे त्यांनी इतरांनाही सांगितले. ख्रिस्ती झालेले मराठी पंडित नेहेम्या गोरे यांच्या पत्रांचा आपल्या विश्वासावर झालेला परिणामही रमाबाईंनी मोकळेपणाने मान्य केला आहे. मला यातून असे दिसते की ज्या सल्लागाराला आपण उलट प्रश्न विचारू शकतो, तोच आपल्या उपयोगाचा असतो. तुमच्या पाळकसाहेबांना किंवा त्या ज्येष्ठ भगिनींना तुम्ही "असे का म्हणता?" असे विचारू शकता का? विचारल्यावर ते नाराज होतील अशी धास्ती वाटत असेल, तर त्यांच्यावर प्रेम करत राहा, पण या बाबतीत आणखी कोणाकडे तरी जा. तुम्ही संडे स्कूल किंवा गायनमंडळ सांभाळत असाल, तर तुमच्या जाण्याने मंडळीची अडचण होईल हाही विचार नकळत सल्ल्यात मिसळतो. ते स्वाभाविक आहे; फक्त तो विचार उघडपणे बोलला जावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर – मिरजेची परिचारिका

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेब, तुमचा प्रश्न वाचून मी काल रात्री पतींसमोर प्रथमच मोकळेपणाने सांगितले की मला जावेसे वाटते, आणि त्याला कर्जाइतकेच माझ्या कामात पुढे शिकण्याचेही कारण आहे. त्यावर त्यांनी सांगितले की त्यांना मुलाची काळजी वाटते, आणि माझ्या वाटेत अडथळा होऊ नये म्हणून ते आजवर बोलले नव्हते. सौदीत सार्वजनिक उपासना नाही हे मला ठाऊक होते, पण त्याचा दोन वर्षांच्या दृष्टीने मी विचारच केला नव्हता. ओमान किंवा बहारीनमध्ये जागा आहे का, हे आता विचारून पाहणार आहे. आज सकाळी इन्शुलिन त्यांनी दिले.

एक शंका उरते. त्या सेवकांना परत भेटून विचारावे का, की ती गोष्ट तेथेच सोडून द्यावी?

उत्तर – निवृत्त पाळक, अहिल्यानगर

भेटावे, पण एकटीने भेटू नये. पतींना आणि तुमच्या पाळकसाहेबांना सोबत न्या, आणि शांतपणे दोनच गोष्टी विचारा: माझ्याविषयी तुम्हाला आधी कोणी काही सांगितले होते का, आणि घर मोडेल हे शब्द तुम्हाला जसेच्या तसे मिळाले, की तो तुम्ही काढलेला अर्थ होता? ते प्रामाणिक सेवक असतील तर त्यांना या प्रश्नांचा राग येणार नाही आणि तुमच्या मनावरचे ओझे हलके होईल. ते रागावले, तर तुमच्या पाळकसाहेबांना ते प्रत्यक्ष दिसेल आणि पुढच्या सभेला कोणाला बोलवायचे हे त्यांना ठरवता येईल. भेट शक्य नसेल तर पत्र लिहा आणि त्याची प्रत पाळकसाहेबांकडे ठेवा. दरम्यान नाशिकच्या भगिनींनी सांगितल्याप्रमाणे महिनाअखेरचा आग्रह कोणाचा आहे ते विचारा, सहीची मुदत वाढवून मागा, आणि ती मागणी लेखी करा.